शास्त्रज्ञ व्हायचंय, पण पाच वर्षांच्या पैशाचं काय? बारावी सायन्सच्या मुलांसाठी आणि घरच्यांसाठी सविस्तर माहिती

नारायणगाव (ता. जुन्नर) : दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या सुमारास, राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त, खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीचं गेट सगळ्यांसाठी उघडतं. एरवी आपण त्या जाळीच्या डिश बांधावरून लांबून बघतो. एकेक डिश ४५ मीटर व्यासाची आणि अशा एकूण ३०. त्या दिवसांत शाळांच्या गाड्या येतात, पोरं आपापले प्रयोग मांडतात. मी बातमीसाठी जातो. यंदा आमच्या शेजारच्या वस्तीवरची मुलगी आणि तिचे वडील तिथं भेटले. मुलगी अकरावी सायन्सला आहे. तिने तिथल्या एका माणसाला विचारलं, "इथं काम करायचं तर काय शिकायला लागतं?" तो म्हणाला, फिजिक्समध्ये बीएस्सी, मग एमएस्सी, मग पीएचडी. मुलगी खूश झाली. तिच्या वडिलांनी मात्र मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "भाऊ, हे सगळं होईस्तोवर पैसे किती लागतात? आणि देतं कोण?"

मला धड सांगता येईना. पंधरा वर्षं बातम्या देतोय, बाजारभाव तोंडपाठ आहेत, पण हे माहीत नव्हतं. म्हणून मग कॉलेजच्या ऑफिसात, बँकेत, सेतू केंद्रात आणि पुण्यात शिकणाऱ्या आपल्या भागातल्या पोरांकडे चौकशी केली. जे हाती लागलं ते इथं देतोय. डॉक्टर-इंजिनीअरची माहिती सगळीकडे मिळते, म्हणून ती यात नाही. ज्याला फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, जीवशास्त्र यातच पुढं जायचंय त्याच्यासाठी हे आहे.

माझंही यात थोडं दुखणं आहे. १९९९ ला मी बारावी सायन्स झालो. केमिस्ट्री आवडायचं. पुण्यातल्या एका कॉलेजात बीएस्सीला नाव लागलं. फी सवलतीसाठी उत्पन्नाचा दाखला पाहिजे होता. तो हातात पडला तेव्हा मुदत संपून नऊ दिवस झाले होते. पूर्ण फी भरायला घरात पैसे नव्हते, त्या साली कांद्याने मारलं होतं. कुणाला दोष देत नाही. दाखला काढायला आम्ही निकाल लागल्यावर गेलो, हीच मुख्य चूक.

पहिल्यांदा हिशेब

फी हा मोठा खर्च आहे असं सगळ्यांना वाटतं. साध्या बीएस्सीला तसं नाही. कॉलेज अनुदानित आणि तुकडीही अनुदानित असेल तर फी आपल्याला झेपण्यासारखी असते. मात्र एकाच कॉलेजात एक तुकडी अनुदानित आणि शेजारची विनाअनुदानित असते, आणि दोघांच्या फीत कितीतरी पटीचा फरक पडतो. फॉर्म भरताना खिडकीवर स्पष्ट विचारा, "ही तुकडी अनुदानित आहे का?" विचारायला लाज वाटू देऊ नका.

खरा खर्च राहण्या-खाण्याचा. पुण्यात कॉट बेसिसवर राहणारी आपली पोरं सांगतात त्यावरून मी हिशेब मांडला. खोली साडेतीन हजार, मेस साडेतीन हजार, येणं-जाणं, वह्या-पुस्तकं, मोबाईल मिळून दीड हजार. महिन्याला साडेआठ हजार. दहा महिन्यांचे ८५ हजार. वर फी धरली की वर्षाला लाखाच्या आसपास जातं. तीन वर्षं बीएस्सी आणि दोन वर्षं एमएस्सी म्हणजे पाच लाख. काटकसर केली, सरकारी वसतिगृह मिळालं तर बरंच कमी होतं. पण घरातून निघताना हा आकडा डोक्यात असावा.

त्यानंतरचं चित्र मात्र वेगळं आहे आणि ते आपल्याकडे फार थोड्या लोकांना माहीत आहे. पीएचडी करताना पैसे भरायचे कमी आणि मिळायचे जास्त असतात. सीएसआयआर-यूजीसी नेट परीक्षेत जेआरएफ मिळाली की जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षं महिन्याला ३७ हजार आणि पुढं ४२ हजार मिळतात, घरभाडं वेगळं. म्हणजे घरच्यांनी ओढायची ती पहिली पाच वर्षं.

या पाच वर्षांत शेतकऱ्याचं घोडं कुठं अडतं? पैसा नसतो असंच काही नाही, तो वेळेवर नसतो. २०२३ च्या जुलैत आपल्याच मार्केटला टोमॅटोचं क्रेट दोन हजाराच्या पुढं गेलं होतं. त्याच्या दोन महिने आधी तोडायची मजुरी निघत नव्हती. कॉलेज फी मागतं जून-जुलैत, खोलीवाला डिपॉझिट मागतो जूनमध्ये, आणि शिष्यवृत्तीचा पैसा खात्यावर येतो दिवाळीनंतर, कधी कधी पुढच्या वर्षी. पोरं पहिल्या वर्षाच्या पहिल्या सहा महिन्यांत परत येतात ती यामुळेच. हुशारी कमी पडली म्हणून परत आलेला मला तरी क्वचित भेटला.

डॉ. रघुनाथ माशेलकरांची गोष्ट शाळेत सगळ्यांनी ऐकलेली आहे. मूळ गोव्यातल्या माशेलचे, वडील लहानपणीच गेलेले, आईने मुंबईत कष्ट करून शिकवलं. मॅट्रिकला बोर्डात अकरावे आले, तरी पुढं शिकायचं कसं हा प्रश्न होता. तेव्हा सर दोराबजी टाटा ट्रस्टची शिष्यवृत्ती मिळाली, महिन्याला ६० रुपये, सहा वर्षं. रक्कम आज किरकोळ वाटते. पण ती दर महिन्याला यायची, हे माझ्या लक्षात राहिलं.

रस्ते कोणते

सगळ्यात आधी अकरावीतली एक गोष्ट. नीटच्या नादाने पुष्कळ पोरं गणित सोडतात. ज्याला फिजिक्स किंवा आकाशाचं शास्त्र करायचंय त्याने गणित सोडायचं नाही. जमत असेल तर फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी हे चारही ठेवायचे. का, ते पुढं येतंय.

पहिला रस्ता आयसरचा. केंद्र सरकारच्या अशा सात संस्था आहेत : पुणे, कोलकाता, मोहाली, भोपाळ, तिरुवनंतपुरम, तिरुपती आणि बेरहामपूर. पुण्याची २००६ ला सुरू झाली, पाषाणला आहे. तिथं बारावीनंतर पाच वर्षांचा बीएस-एमएस कोर्स आहे आणि सुरुवातीपासून संशोधनाची सवय लावतात. प्रवेश आयएटी या परीक्षेतून. तीन तासांत ६० प्रश्न, चारही विषयांचे १५-१५, चुकलं की एक मार्क कापतात. आता कळलं ना चारही विषय का? ज्याने गणित किंवा बायोलॉजी सोडलंय त्यालाही परीक्षा देता येते, पण ते १५ प्रश्न अंधारात जातात. पेपर इंग्रजी आणि हिंदीत असतो, मराठीत नाही.

दुसरा रस्ता नेस्ट परीक्षेचा. यातून भुवनेश्वरचं नायसर आणि मुंबई विद्यापीठाच्या कलिना आवारातलं सीईबीएस या दोन ठिकाणी पाच वर्षांच्या एमएस्सीला प्रवेश मिळतो. दोन्ही अणुऊर्जा विभागाशी जोडलेल्या. इथं एक गोष्ट फार चांगली आहे : प्रवेश मिळालेल्या मुलांना 'दिशा' किंवा 'इन्स्पायर' यातून वर्षाला ६० हजारांची शिष्यवृत्ती, शिवाय उन्हाळी प्रकल्पासाठी वर्षाला २० हजार अशी सोय ठेवलेली आहे. सीईबीएस मुंबईत असूनही आपल्या तालुक्यातल्या दहा सायन्स शिक्षकांना विचारलं तर दोघांना नाव माहीत होतं.

या दोन्ही परीक्षांचे फॉर्म बारावीचा निकाल लागायच्या आधी, साधारण वसंतात निघतात आणि आयएटीचा तर बहुतेक वेळा निकालाआधीच बंद होतो. "मार्क बघू, मग ठरवू" म्हणणारा इथं बाद होतो.

तिसरा रस्ता आपला नेहमीचा. गावाजवळच्या किंवा पुण्याच्या कॉलेजात बीएस्सी, मग एमएस्सी. यात कमीपणा काही नाही. तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सी घरी राहून केलं तर तीन वर्षांचे अडीच लाख वाचतात, एसटीचा विद्यार्थी पास असतो. पण प्रयोगशाळा चालू आहे का, प्राध्यापक कायमचे आहेत की तासिकेवरचे, हे आत जाऊन बघा. नंतर बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला जॅम नावाची परीक्षा देता येते, त्यातून आयआयटीत एमएस्सीला जाता येतं. म्हणजे बारावीला जो दरवाजा हुकला तो तीन वर्षांनी पुन्हा उघडतो. आपल्या भागातल्या मुलांना हाच रस्ता जास्त सोयीचा आहे असं माझं मत झालंय, कारण तोवर इंग्रजीही सुधारलेलं असतं.

पैसे कोण देतं

इन्स्पायर (शी) : केंद्राच्या विज्ञान विभागाची शिष्यवृत्ती. वर्षाला ८० हजार, त्यातले ६० हजार मुलाच्या खात्यात आणि २० हजार उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी. जास्तीत जास्त पाच वर्षं. अट अशी की बारावीला आपल्या बोर्डात वरच्या एक टक्क्यात असावं आणि शिक्षण मूळ विज्ञानाचं असावं. उत्पन्नाची अट नाही, जातीची नाही. बागायतदाराच्या पोरालाही मिळते आणि मजुराच्याही. पण इंजिनीअरिंग, मेडिकल, बीएस्सी ॲग्री किंवा कॉम्प्युटर सायन्सला गेलात तर नाही. आयसरला प्रवेश मिळाला म्हणजे ही आपोआप मिळाली असंही नाही, अर्ज वेगळा करावा लागतो. आधीची केव्हीपीवाय नावाची परीक्षा आता होत नाही, ती २०२२ ला यातच मिसळली. अजून जुन्या क्लासच्या जाहिरातीत तिचं नाव दिसतं, भुलू नका.

केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्ती : नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर अर्ज. बोर्डाच्या ८० पर्सेंटाइलच्या वर मार्क आणि घरचं उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत. पदवीची तीन वर्षं दरसाल १२ हजार, पदव्युत्तरला २० हजार. एक टक्क्यात बसला नाही त्याच्यासाठी ही. रक्कम कमी आहे, पण मेसचे तीन-साडेतीन महिने निघतात. दुसरी शिष्यवृत्ती घेत असाल तर ही मिळत नाही, त्यामुळे कुठली घ्यायची ते आधी ठरवा.

राज्याच्या योजना महाडीबीटी पोर्टलवर असतात. अनुसूचित जाती, जमाती, भटके-विमुक्त, ओबीसी यांच्यासाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि फीमाफी. खुल्या गटासाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, उत्पन्न आठ लाखांच्या आत, शिक्षण शुल्काच्या निम्मी रक्कम, कुटुंबातल्या दोनच मुलांना.

राहण्या-खाण्यासाठीच्या योजना फीमाफीपेक्षा जास्त कामाच्या आहेत. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून पुण्या-मुंबईसारख्या ठिकाणी वर्षाला ६० हजारांपर्यंत मिळतात. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, मार्कांचीही अट आहे. आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना आहे. आपल्या तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातल्या पालकांनी ती जरूर विचारावी. ओबीसी, भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे.

आता जरा सावध करायचंय. मुलींना उच्च शिक्षण मोफत, असं २०२४ ला गाजलं. तो निर्णय व्यावसायिक कोर्सचा आहे : इंजिनीअरिंग, फार्मसी, मेडिकल वगैरे. साधं बीएस्सी त्यात धरून चालू नका. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता अल्पभूधारकांच्या मुलांना मिळतो, पण तीही मुख्यतः व्यावसायिक कोर्ससाठी आणलेली योजना. महाडीबीटीवर आपला कोर्स टाकून बघा, मगच त्यावर हिशेब बांधा.

आणि कमवा व शिका. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था १९१९ ला काढली, तेव्हापासून ही रीत महाराष्ट्रात रुजलेली आहे. विद्यापीठाच्या योजनेतून कॉलेजात रोज काही तास काम करायचं, ग्रंथालय, बाग, ऑफिस, आणि तासाप्रमाणे पैसे घ्यायचे. प्रवेश घेतानाच विद्यार्थी कल्याण विभागात नाव द्या. जागा कमी असतात.

कागद

उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेयर हे अकरावी संपताना काढायला घ्या. जात पडताळणीचा अर्ज अकरावी-बारावी सायन्सला असतानाच कॉलेजमार्फत करता येतो. बारावीच्या निकालानंतर सेतूत रांग लागते आणि सर्व्हर बसतो, हे दरवर्षीचं आहे.

आयसर-नायसर केंद्राच्या आहेत, तिथं केंद्राच्या नमुन्यातलाच दाखला लागतो. राज्याचा नॉन-क्रिमिलेयर घेऊन गेलेली पोरं परत आलेली मी बघितलीत. मराठा समाजाचं एसईबीसी आरक्षण राज्यापुरतं आहे, केंद्राच्या संस्थांत ते चालत नाही. तिथं बसत असेल तर ईडब्ल्यूएस काढायचं. ज्यांची कुणबी नोंद आहे ते केंद्राच्या ओबीसी यादीतून जाऊ शकतात. ईडब्ल्यूएसला केंद्राची अट अशी की कुटुंबाची शेती पाच एकराच्या आत पाहिजे, मग ती जिरायत असो का खडकाळ. साडेपाच एकर माळरान असलेल्या माणसाला हे ऐकून हसावं का रडावं कळत नाही, पण नियम तसा आहे. हे दोन्ही दाखले त्या आर्थिक वर्षातले, म्हणजे १ एप्रिलनंतरचे लागतात.

बँक खातं मुलाच्या नावाचं पाहिजे. आणि नीट वाचा, आधार 'लिंक' असणं आणि आधार 'सीडिंग' असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरकारचा पैसा खाते क्रमांक बघून येत नाही, आधारला शेवटचं जे खातं सीड झालंय त्यात जातो. ते कुठलं आहे हे आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' मध्ये दिसतं. अर्ज मंजूर, पैसे सुटले, पण खात्यावर नाहीत, अशी जी ओरड असते तिचं मूळ पुष्कळदा इथं असतं.

कर्ज घ्यायचं का

माझं मत विचाराल तर साध्या बीएस्सीसाठी नको, आयसरसारख्या ठिकाणी लागलं तर घ्यायला हरकत नाही. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला सर्वसाधारणपणे तारण लागत नाही, आपला हिस्साही भरावा लागत नाही. हप्ता कोर्स संपल्यावर वर्षभराने सुरू होतो. नोव्हेंबर २०२४ ला केंद्राने पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. ठरलेल्या नामांकित संस्थांतल्या मुलांना विनातारण, विनाजामीन कर्ज, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्के सवलत. अर्ज पोर्टलवरूनच होतो. तुमची संस्था यादीत आहे का ते आधी बघा.

बँकेत अडचण कुठं येते? सहकर्जदार म्हणून बापाची सही लागते आणि बापाचं पीककर्ज थकलेलं असतं. मग साहेब "बघू" म्हणतात. तेव्हा त्या वर्षी पीककर्ज नवं-जुनं वेळेवर करून ठेवा. विज्ञानाचं शिक्षण लांब चालतं हेही बँकेला आधी सांगा, कारण एमएस्सीनंतर लगेच पीएचडीला गेला तर हप्ता विद्यावेतनातून भरावा लागेल.

सगळेच पीएचडी होत नाहीत

हे पोरांना आधीच सांगितलेलं बरं. पीएचडीला पाच-सहा वर्षं जातात, नंतरही कायम नोकरी लागेपर्यंत तिशी ओलांडते. बरोबरचे पोलीस भरतीतून, कंपनीतून कमवायला लागलेले असतात. घरात लग्नाचा विषय निघतो, मुलीच्या बाबतीत तर बीएस्सीलाच. ज्याला हे झेपणार नाही त्याच्यासाठी मधले थांबे आहेत. भाभा अणुसंशोधन केंद्र बीएस्सी आणि डिप्लोमा झालेल्यांना प्रशिक्षणार्थी म्हणून घेतं आणि प्रशिक्षणातही विद्यावेतन देतं. आयटीआयवाल्यांसाठीही त्यांची वेगळी भरती असते. एमएस्सीवाल्यांसाठी त्यांचं वर्षभराचं ट्रेनिंग स्कूल आहे. औषध कंपन्यांच्या प्रयोगशाळा, माती-पाणी तपासणी, शिक्षकी हे आहेच. खोडदच्या त्या डिश फिरत्या ठेवायला इलेक्ट्रॉनिक्सची आणि मेकॅनिकलची माणसं लागतात, तेही विज्ञानाचंच काम आहे.

परवा त्या मुलीच्या वडिलांचा फोन आला. उत्पन्नाचा दाखला निघालाय, नॉन-क्रिमिलेयरचा अर्ज पुढच्या एप्रिलनंतर करायचा हे वहीत लिहून ठेवलंय. पोरीने स्वतःच आधारचं सीडिंग तपासलं, तर तिच्या बँकेचं नाव तिथं नाहीच. दोन वर्षांपूर्वी नवीन सिम घेताना दुकानात अंगठा दिला होता, तेव्हा कसलंतरी खातं उघडलं गेलं, ते दिसतंय. ते सिमही आता बंद आहे. सोमवारी दोघं बँकेत जाणार आहेत.